बारावं नाव

पुणे, ६ जानेवारी २०२५

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं आणि समोरचा काय बोलतो ते निम्मं त्या शिट्टीत जातं. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं अक्षर मला अजून चष्म्याशिवाय लागतं.

बातमी अशी की आठ मार्चला इथल्या मैत्रिणी माझा सत्कार करताहेत. बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेला यंदा तीस वर्षं होतात, ते निमित्त. मी पुष्कळ नको म्हटलं, पण ऐकतंय कोण! गौरवग्रंथसुद्धा निघतोय. त्यासाठी मला तुझी दोन पानं हवी आहेत. नणंद-भावजयीच्या गोष्टी नकोत, सहकारी म्हणून लिही. गरौठ्याकडच्या बायकांची ती गोधडी मी बीजिंगला नेली, जगभरच्या बायकांनी तंबूत येऊन ती पाहिली, त्याबद्दल लिही. तूच जाणार होतीस आणि पासपोर्ट वेळेत आला नाही, हेही लिही. लोकांना कळू दे, की तेव्हा आपल्यासारख्यांना सरकारी कागदासाठी किती ताटकळावं लागायचं.

लखू असता तर पहिल्या रांगेत बसला असता. दोन वर्षं झाली त्याला जाऊन, पण अजून काही चांगलं घडलं की आधी त्यालाच सांगावंसं वाटतं. परवा तुमच्या लग्नाचा फोटो हाती आला. तांदळाच्या ताटात अंगठीने काय नाव लिहावं म्हणून तो माझ्याकडे बघत होता, आठवतं? मी म्हटलं, सिंधू लिही. तेव्हापासून तू माझीच आहेस, असं मी सगळ्यांना सांगते.

महिनाअखेरपर्यंत पानं पाठव. आढेवेढे घेऊ नकोस.

तुझी,
मृदुला

———

झाशी, १६ जानेवारी २०२५

ती. वन्संना सिंधूचा नमस्कार,

आधी तिळगूळ घ्या. पुडीत थोडाच पाठवलाय, तुमच्या साखरेची मला काळजी. इथे हळदीकुंकवाला कॉलनीतल्या जुन्या मराठी बायका जमल्या होत्या. हे गेल्यापासून मला आमंत्रण येत नाही. पण वाटायच्या वस्तू कुठल्या दुकानात स्वस्त मिळतील हे विचारायला सगळ्यांचे फोन येतात! मी सांगते बापडी.

सत्काराचं वाचून आनंद झाला. हार घालून घ्या, भाषण लांबवू नका. दोन पानं लिहीन, का नाही लिहिणार? त्या कथरीबद्दल दोनच पानं लिहायची म्हटलं तर उलट अडचण. (इथे तिला गोधडी कोणी म्हणत नाही.)

तुमच्या मैत्रिणींना सांगा, आमच्या त्या गावात तेव्हा सुनेला नाव नव्हतं. जिचं माहेर गुरसराय, ती गुरसराय वाली. मोंठची ती मोंठ वाली, समथरची ती समथर वाली. नवरा, सासू, शेजारीण, सगळे तसंच हाक मारायचे. मी वर्षभर दर शनिवारी बसने जायची. जुन्या साड्यांचे तुकडे जोडायचे, आणि जिला आयुष्यात जे हवंय त्याची खूण तिने आपल्या तुकड्यावर टाक्यांनी काढायची, असं ठरलं. पण खुणेआधी मी प्रत्येकीला तिचं नाव विचारलं. चिरगाँव वालीचं लग्न नवव्या वर्षी झालेलं. तिला स्वतःचं नाव आठवेना. भावाला माहेरी निरोप पाठवून विचारावं लागलं. पुनिया असं निघालं. त्या दिवशी ती इतकी हसली की तिची सासू घाबरली.

त्या अकरा जणींची नावं, कुणाच्या खुणेचा काय अर्थ, हे मी एका कागदावर सुवाच्य लिहून कथरीबरोबर तुम्हाला दिलं होतं. नावं लिहून झाल्यावर बायका मलाच म्हणाल्या, "और तुमाओ नाँव? मायके को बताओ, ससुरार को नईं." मी काय सांगितलं ते तुम्हाला यादीत दिसलं असेलच.

त्यातली भानुमती, म्हणजे गुरसराय वाली, परवा मोतीबिंदू दाखवायला झाशीला आली होती. आली की एकच प्रश्न. "काय बाई, हमाई कथरी कितै टँगी है? हमाओ नाँव कोऊ पढ़त है कै नईं?" तुम्ही सांगितलंत तेच मी तीस वर्षं तिला सांगत आलेय, की परदेशात मोठ्या जागी टांगलीय, खाली सगळ्यांची नावं आहेत. पण या खेपेस म्हणाली, डोळे जायच्या आत एकदा फोटो दाखव. नक्की कुठे आहे ती? अमोघची स्वराली सध्या शिकायला हॉलंडमध्ये आहे. जवळ असेल तर तिला पाठवते.

तुमची,
सिंधू

———

पुणे, २३ जानेवारी २०२५

चि. सिंधूस आशीर्वाद,

तिळगूळ एका दिवसात संपवला. साखरेचं डॉक्टर बघतील.

पत्र वाचून वाटलं, हेच जरा नीटनेटकं करून पाठवलंस तरी पुरे. मात्र सासू घाबरल्याचं वगैरे काढून टाक, ग्रंथाला एक शिस्त असते. आणि नावांच्या तपशिलात फार जाऊ नकोस. वाचकाला त्या बायका एकेकट्या नकोत. एकत्र उभ्या राहिलेल्या बायकांची ताकद त्याला दिसली पाहिजे. बीजिंगला आपण जगाला हेच सांगितलं होतं.

गोधडी मी तिथेच एका डच मैत्रिणीकडे सोपवली. तिने ती माझ्या नावाने तिच्या देशातल्या संग्रहालयाला दिली. हवामान सांभाळून, काचेत ठेवलीय, आणखी काय हवं? मी तीस वर्षं जिथे जिथे बोलले, तिथे तिचा उल्लेख केलाय. स्वरालीला मुद्दाम पाठवू नकोस. पोरगी अभ्यासाला गेलीय. शिवाय त्या वस्तू बहुतेक वेळा तळघरात असतात, दाखवत नाहीत. भानुमतीला माझा नमस्कार सांग आणि फोटो मी कुठून तरी मिळवते म्हणावं.

पानांची वाट बघते.

मृदुला

———

झाशी, ३ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र पोचायच्या आधीच मी स्वरालीला कळवलं होतं. आजीचं ऐकायची तिला हौस, इंटरनेटवर संग्रहालय शोधून काढलं आणि रविवारी गाडीत बसून गेली. कथरी तळघरात नाही. बीजिंगच्या तिशीनिमित्त प्रदर्शन लागलंय, त्यात पहिल्याच दालनात आहे. मार्चअखेरपर्यंत तिथे राहील, मग दुसऱ्या देशात जाईल.

फोटो मोबाईलवर आला तेव्हा मला रडू फुटलं. माझ्या केशरी पातळाची किनार अजून तशीच आहे. मग स्वरालीने खालची पाटी हिंदीत करून पाठवली. पोरीला मराठी कळतं पण लिहिताना हिंदीवर जाते. पाटी अशी आहे: "गोधडी, मध्य भारत. संकल्पना और संकलन : मृदुला ताम्हनकर. बनाने वाली : ग्रामीण महिलाएँ, नाम उपलब्ध नहीं."

वन्सं, नाम उपलब्ध नहीं म्हणजे काय?

आणि खुणांचे अर्थ कोणी लावलेत? भानुमतीची कडी आहे ना, दाराची कडी, त्याला त्यांनी पारंपरिक पक्षी म्हटलंय. तिच्या घरी न्हाणीला दार नव्हतं, तिला कडी लागणारं दार हवं होतं. कस्तूरीने दोन ताटं शेजारी शेजारी काढली होती, म्हणजे घरच्या पुरुषांबरोबर एकाच वेळी जेवायचं. ते सूर्य आणि चंद्र झालेत. बेनीबाईने आपला तुकडा मुद्दाम कोरा ठेवला होता. म्हणाली, मला जे हवं ते सासूसमोर काढता येणार नाही. तिथे लिहिलंय की हा भाग अपूर्ण राहिला. कोपऱ्यातलं माझं फूल म्हणे नक्षीचा तारा!

"संकल्पना आणि संकलन" मी वाचलं. त्याचं आत्ता काढत नाही. मोठ्या जागी मोठं नाव लागतं, तसं झालं असेल अशी मी माझी समजूत घातलीय. पण त्या अकरा जणींची नावं? ती तर कागदावर होती.

स्वरालीने तिथल्या बाईंना विचारलं. त्या चांगल्या वागल्या. म्हणाल्या, नावं आणि अर्थ मिळाले तर पाटी बदलू, पण ज्यांनी वस्तू दिली त्यांची सही लागेल. म्हणजे तुमची. तुमच्याकडे ती यादी असेलच. खाली सही करून स्वरालीला पाठवा, पत्ता सोबत लिहिलाय. भानुमतीचं ऑपरेशन गुढीपाडव्यानंतर आहे. त्याआधी मला तिला नवी पाटी दाखवायचीय. एवढंच करा, सत्काराला माझी चार पानं घ्या.

सिंधू

———

पुणे, १० फेब्रुवारी २०२५

चि. सिंधू,

तुझं पत्र जरा तोडून बोलल्यासारखं वाटलं. असो. वयाने सगळ्यांचंच तसं होतं.

यादी माझ्याकडे नाही. तुला त्या दिवसांची कल्पना नाही म्हणून सांगते. सरकारी परिषद बीजिंगमध्ये आणि आम्हा संस्थावाल्या बायकांचा मेळावा लांब, हुआइरो नावाच्या गावात. पाऊस थांबायला तयार नाही. तंबू गळताहेत, घोट्यापर्यंत चिखल, तीस हजार बायका. त्या चिखलात मी गोधडी छातीशी धरून वाचवली. कागद भिजला. शाई पसरून एक अक्षर राहिलं नाही. मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. तुला कळवलं नाही, कारण तू आधीच हिरमुसलेली होतीस.

नावं नसताना मी सही कशावर करू? तुझ्याकडे कच्ची वही किंवा प्रत असेल तर शोध. नसेल तर भानुमतीचं एकटीचं नाव लावणं बरं दिसणार नाही, बाकीच्यांवर अन्याय होईल.

ग्रंथ वीस तारखेला छापायला जातोय. पानं?

मृदुला

———

झाशी, १९ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं,

तुम्ही शोध म्हणालात, म्हणून शोधलं. माझ्या वह्या चाळल्या, कपाटं उपसली. काही नाही. मग ह्यांची लोखंडी पेटी राहिली. हे गेल्यापासून मी ती उघडली नव्हती. त्यात ह्यांच्या कारखान्याची जुनी कागदपत्रं आहेत असं अमोघ म्हणाला होता, आणि ती होतीही. त्याखाली एक हिरवी फाईल होती. वर ह्यांच्या अक्षरात "व्यक्तिगत". हे कागद किती जपून ठेवायचे तुम्हाला माहीत आहे. विजेची बिलंसुद्धा तारखेवार लावलेली असत.

फाईलमध्ये तीन वस्तू होत्या. एक माझा पासपोर्ट. लखनौचा, अकरा जुलै पंचाण्णवचा. आत माझा फोटो, माझी सही, बाकी सगळी पानं कोरी.

मी तो हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले. अकरा जुलै, वन्सं! तुमचं विमान ऑगस्टच्या शेवटी होतं. मी अख्खा ऑगस्ट फाटकाशी उभी असायची. पोस्टमन म्हणायचा, भाभीजी, आज भी नहीं. त्या बिचाऱ्याकडे येणार कुठून? अर्जावर पत्ता मीच कारखान्याचा दिला होता, तरी वाटायचं, ह्यांच्याकडे नाही तर चुकून घरी येईल. कॉलनीतल्या सगळ्यांची रजिस्टर डाक कारखान्यातच यायची आणि ज्याच्या त्याच्या साहेबाच्या टेबलावर पोचायची. कुणीही तोच पत्ता लिहिला असता. मी माझा पासपोर्ट माझ्या हाताने ह्यांच्या टेबलावर पाठवला.

आणि हे ऑगस्टमध्ये रजा काढून लखनौला गेले होते, चौकशी करायला. परत आले ते मान खाली घालून. म्हणाले, "फाईल अडकलीय, माझं काही चाललं नाही." माझ्यासाठी चिकनची साडी आणली होती, फिकट निळी. मी रडत होते तर हे माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला त्या दिवशी ह्यांची कीव आली होती. साडी मी अजून जपून ठेवलीय.

दुसरी वस्तू तुमचं आंतर्देशीय पत्र, एकोणीस ऑगस्ट पंचाण्णवचं. तुमचंच आहे, तरी लिहून पाठवते, कारण तुम्हाला आठवत नसेल.

"लखू, गोधडी मिळाली, फार सुंदर झालीय. यादी मात्र परत पाठवते आहे. वर सिंधूने 'संकलन : सिंधू ताम्हनकर' असं ठळक लिहिलंय. तिथे कोणी विचारलं की ही बाई का आली नाही, तर मी काय सांगू? तू म्हणालास तसं पासपोर्टचं तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आता नाव बदलून माझं झालंय, पुन्हा घोळ नको. मी परतल्यावर बघू. अक्का."

तिसरी वस्तू ती यादी. कोरडी खडखडीत! शाई एवढीशीही पसरलेली नाही. तुमच्या तंबूतला पाऊस तिला लागला नाही, कारण ती चीनला गेलीच नाही. ती तीस वर्षं माझ्याच पलंगाखालच्या पेटीत होती.

तुम्ही दोघांनी मला फसवलंत. ते मी कसं सोसेन माझं मी बघेन. हे तर आता भांडायलाही नाहीत. पण तुम्ही मला त्या अकरा जणींना फसवायला लावलंत. मी दर भेटीत भानुमतीला सांगत राहिले, तुझं नाव तिथे लोक वाचतात. पुनिया मरायच्या आधी मी तिच्या खाटेशी बसून तेच सांगितलं. ती हसली होती, पहिल्यांदा नाव कळल्यावर हसली होती तशीच. एका माझ्या नावाची अडचण झाली म्हणून तुम्ही अकरा जणींची नावं काढून टाकलीत. जगभर सांगत हिंडलात की बाईला माणूस म्हणून ओळख मिळाली पाहिजे, आणि ओळखीचा कागद भावाकडे परत पाठवलात.

मला फक्त सांगा, का?

सिंधू

———

पुणे, २५ फेब्रुवारी २०२५

सिंधू,

तीन वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. या वयात खोटं बोलण्यात अर्थ नाही.

पासपोर्ट आल्याचं लखूने मला फोनवर सांगितलं. तो घाबरला होता. म्हणाला, "अक्का, ती गेली तर परत येणारी बाई हीच असेल का?" मी त्याला हसायला हवं होतं, खडसवायला हवं होतं. व्यासपीठावर मी हेच केलं असतं. पण आमच्या संस्थेला जागा एकच मिळाली होती, आणि ती तुला दिली होती. वीस वर्षं काम मी केलं आणि निवड झाली वर्षभर बसने जाणाऱ्या माझ्या भावजयीची. मला ते लागलं होतं. कुणाला बोलून दाखवलं नाही. लखूने दार उघडून दिलं आणि मी आत शिरले. एवढंच आहे, याहून मोठं कारण नाही.

यादी भिजली असं मी पहिल्यांदा त्या डच मैत्रिणीला सांगितलं. मग इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरंच वाटायला लागलं. तुला शोध म्हणून लिहिलं तेव्हा मी यादी परत पाठवल्याचं साफ विसरले होते. विश्वास ठेव किंवा नको ठेवूस.

पण हेही बघ. मी गेले म्हणून पुढचं घडलं. तिथल्या ओळखींमुळे केंद्र उभं राहिलं, कोर्टात लढलो, किती मुली शिकल्या. तू गेली असतीस तर आठ दिवसांनी परत येऊन स्वयंपाकाला लागली असतीस. मी कुणाचं वाईट केलं नाही. एक गोष्ट चुकीची केली आणि तिच्यातून शंभर चांगल्या केल्या.

आता व्यवहाराचं. बायकांची नावं लागावीत असं मलाही वाटतं. सही करते. मात्र दोन गोष्टी कर. एक, आठ मार्च होऊन जाऊ दे. दुसरं, यादीच्या डोक्यावरची ती "संकलन" ओळ काढून पाठव. गौरवग्रंथ छापून झालाय, त्यात पहिल्याच पानावर ती गोधडी माझी म्हणून आहे. सत्त्याहत्तराव्या वर्षी मला सगळ्यांसमोर खोटी ठरवून तुला काय मिळणार? नावं त्यांची हवीत ना? मग तुझं सोड. तू नेहमीच मोठ्या मनाची होतीस.

घरातली गोष्ट घरात राहू दे.

वन्सं

———

झाशी, २ मार्च २०२५

मृदुला,

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला नावाने लिहितेय. तुम्ही म्हणायची सवय मात्र हाताला आहे, ती राहू दे.

परवा भानुमतीला बोलावून घेतलं. व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. लक्ष्मणने काय केलं, तुम्ही काय केलंत, आणि मी तीस वर्षं तिला काय खोटं सांगितलं. (हो, त्याचंही नाव घेतलं. उखाण्याशिवाय पहिल्यांदा.) मग यादी वाचून दाखवली. ती एकेका नावाला बोट दुमडत गेली. त्यातल्या नऊ जणी गेल्यात. ती आणि कुसुमा उरल्यात. वाचून संपलं तेव्हा कागदाला हात लावून म्हणाली, "तो जा घरई में धरी हती." मी म्हटलं, हो, घरातच ठेवलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चहा तसाच ठेवून, कठड्याला धरून पायऱ्या उतरून गेली. मी मागे गेले तर म्हणाली, रहने दो बाई. तीस वर्षांत ती माझ्या घरून अशी कधी गेली नव्हती.

तुमच्या शंभर चांगल्या गोष्टी मी नाकारत नाही. त्यातली एकही भानुमतीला त्या पायऱ्यांवरून परत आणणार नाही.

मी गेले असते तर स्वयंपाकाला लागले असते म्हणता. लागलेही असते. आमटीत मीठ घालताना बीजिंग आठवलं असतं. ते माझं होतं, मृदुला. माझं काय झालं असतं हे तुम्ही आणि तुमच्या भावाने का ठरवायचं?

आता व्यवहाराचं. तुमची दुसरी अट मान्य. "संकलन : सिंधू ताम्हनकर" ही ओळ मी कात्रीने कापून काढली. त्या अकरा जणींच्या नावांपुढे मला ते नाव मोठं वाटत नाही. तसंही ते तुमच्याच पसंतीचं होतं, तांदळातलं. तुमचं तुम्हाला परत. तो तुकडा या पाकिटात आहे.

पहिली अट मान्य नाही. सही केलेल्या कागदाचा फोटो आठ तारखेच्या आत स्वरालीच्या मोबाईलवर पोचला पाहिजे. तुमच्या आंतर्देशीयाची मी बड़ा बाज़ारातून झेरॉक्स काढून ठेवलीय. सही पोचली तर ती माझ्या पेटीत राहील. नाही पोचली तर तुमच्या सत्काराच्या मैत्रिणींना आठ तारखेच्या सकाळी मिळेल. घरातली गोष्ट घरात ठेवायची रीत मला चांगली माहीत आहे. तीस वर्षं ती माझ्याच पलंगाखाली होती.

गौरवग्रंथाला माझी पानं येणार नाहीत. पासपोर्ट मी ठेवून घेतलाय, त्याचं तुम्हाला काही करायचं नाही.

यादी सोबत आहे. नीट वाचून सही करा, कारण खाली तुम्हाला लिहायचं आहे की ही नावं खरी आहेत आणि ही कथरी यांनी शिवली. भानुमती, कडी लागणारं दार. रामकली, पाटी. गेंदा, अंगणातला हातपंप. कस्तूरी, दोन ताटं. पुनिया, माहेरची वाट. हरबाई, बस. सुखवती, नवऱ्याच्या हातातली काठी, मोडलेली. जनकदुलारी, मुलीची वेणी. कुसुमा, स्वतःची चप्पल. फूलारानी, शेताचा तुकडा. बेनीबाई, कोरं.

ही अकरा झाली. बारावं मी पंचाण्णव साली त्या बायकांनी विचारलं म्हणून लिहिलं होतं. कोपऱ्यातल्या फुलापुढे आहे. बकुळ. संग्रहालयात ते नाव कुणी ओळखणार नाही, तुमच्या ग्रंथाला त्याची बाधा नाही. ते कुणाचं, हे आपल्या घरात आता दोनच माणसांना माहीत आहे. त्यातल्या एकीने लग्नात ते पुसायला सांगितलं होतं.

सहीची जागा त्याच नावाच्या खाली आहे.

बकुळ